बिनमाडीचे पाव

कुठलीही मऊ वस्तू दिसली की आमची घरमालकीण आधी तिच्यात बोट दाबून बघायची. बाजारातला फणस, नवी उशी, शेजारच्या बाळाचा गाल, काहीही. बोट काढल्यावर खळगा भरून वर येतो का, हे डोळे बारीक करून पाहायची आणि मग निकाल द्यायची, "हां, जीव हाय." पहिल्या बाळंतपणाच्या आधी माझे पाय सुजले होते, तेव्हा तिनं त्यांच्यावरही बोट दाबलं. खळगा काही लवकर भरेना. "पोरी, डाक्टरकडं जा. आताच्या आता," ती म्हणाली आणि मी चप्पल घालेपर्यंत दारातून हलली नाही.

पन्नास-साठ वर्षांपेक्षाही आधी तुमच्यापैकी कुणी मरोळच्या गावठाणात गेलं असेल, तर तिला पाहिलंही असेल. आखूड लुगडं, कपाळ कोरं, गळ्यात क्रूस, डोक्यावर वांग्यांची नाही तर कोथिंबिरीची पाटी. तिथले जुने ख्रिस्ती तुमच्याआमच्यासारखंच मराठी बोलत, फक्त त्यांच्या वळणानं. सगळं गावठाण तिला नुसतं 'बाय' म्हणे, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

खोली भाड्यानं देण्याआधी तिनं आमची जी तपासणी केली, तशी माझ्या लग्नातही कुणी केली नव्हती. आम्ही रत्नागिरीकडचे भंडारी. नवऱ्याला अंधेरीला एका कचेरीत नोकरी लागली होती. आमची जात कळल्यावर ती सावध झाली.

"मंजे माडी काडनारे?"

"माझे वडील काढायचे, माडावर चढून," नवरा म्हणाला. "दारूबंदी झाली. आता माड नुसते उभे आहेत."

"लय बेस झालं!" बाय मनापासून म्हणाली. "त्यासाठी चर्चमदी मेनबत्ती लावलेली मी."

नवऱ्याचा चेहरा पडला. गावी सासरे कोयतीला धार लावून ती परत भिंतीला टांगत होते, ते आम्ही नुकतंच डोळ्यांनी पाहून आलो होतो. ज्या कायद्यानं आमची चूल विझली, त्याच कायद्यासाठी या बाईनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. मला तिचा असा राग आला की बिऱ्हाड दुसरीकडे बघूया, असं मी त्याच संध्याकाळी म्हणाले. पण खोली हवेशीर होती, विहीर दारात होती. राहिलो.

तिच्या आनंदाचं कारण कळायला फार दिवस लागले नाहीत. तिचा नवरा सुतार. हात असा की चर्चचे बाक त्यानं केलेले आणि अजून एकही कुरकुरत नव्हता. पण दारूबंदीच्या आधी हा माणूस संध्याकाळनंतर कुणाचाच नसे. एका ईस्टरला लोक चर्चमधली मिसेची प्रार्थना ऐकून बाहेर पडले, तर हा पायरीवर आडवा. बायनं त्याला गावासमोर उचलून घरी नेलं होतं. मग दारूबंदीनं माडी बंद झाली. त्यानं आधी नाइलाजानं सोडली आणि पुढे, तिच्या पहाऱ्यात, खरोखर सोडली.

दारूबंदी होती म्हणजे दारू नव्हती, असं मात्र समजू नका. खाडीकडून बाटल्या येत, कुणाच्या परसात येत हे सगळ्यांना ठाऊक असे. म्हणून बायचा पहारा. नवरा कामावरून आला की ती दारात उभी राहून त्याच्या डोक्यावरची टोपी स्वतःच्या हातानं काढून घेई. बघणाऱ्याला वाटावं, काय हे प्रेम! प्रेम होतंच, पण टोपी काढताना ती जरा पुढे वाकून त्याच्या तोंडाचा वास घेई. त्यालाही ते माहीत होतं. तो मुकाट मान खाली करी.

आता यात पावांचं काय अडलं होतं, ते सांगते.

ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी, येशूला क्रूसावर दिलं त्या दिवशी, या लोकांत मसाल्याचे गोड पाव करतात. मैद्यात दालचिनी, जायफळ, लवंग, मनुका, पाकवलेली संत्र्याची साल, आणि वर चाकूनं काढलेला क्रूस. बाय ते बेकरीत पाठवत नसे. तांब्याच्या टोपात खाली वाळू, वर झाकणावर निखारे, असे घरीच भाजी. आणि हे पाव फुगत माडीवर. पेलाभर ताजी माडी मैद्यात घातली की पीठ परातीबाहेर येई. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं होतं. माडी गेली आणि बायचे पाव बसले.

समोरच्या घरात तिची जाऊ राहायची. तिचे पाव दरवर्षी टम्म फुगलेले. कसे, ते विचारायची सोय नव्हती.

"पेलाभर आनली तर आभाल कोसलनार हाय का?" जाऊ अंगणातूनच म्हणायची. "मी देते, वाटीत झाकून."

"माज्या घरात थेंब नाय."

"अगं, पावात घालायला!"

"पावाची तहान भागली की वाटीत उरंल ती कोन पिनार? तू?"

मी एकदा तिला म्हटलं, "बाय, मग नाही केले पाव तर? सणाला दुसरं काही कर."

ती पाटा धूत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "दारूनं माजं लय काय नेलं, पोरी," ती म्हणाली. "शुक्रवारचा पाव नाय नेऊ द्यायची."

त्या दिवशी माझा राग गेला, तो पुन्हा आला नाही.

मग आमच्या घरमालकिणीनं पाव फुगवायचे जे उद्योग केले, ते मी चार-पाच उन्हाळे जवळून पाहिले. सरकारी केंद्रावर नीरा मिळे, ती आणून घातली. पीठ ढिम्म. "सरकारी हाय ना, जागची हलत नाय," बाय म्हणाली. कुणीतरी फोर्टातून फुगवायच्या विलायती भुकटीचा डबा आणून दिला; तो समुद्रातून येता येताच मेला असावा. बेकरीवाल्याच्या हातापाया पडून आंबवलेल्या पिठाचा गोळा आणला, तो अंधेरीहून मरोळपर्यंत उन्हात चालत येताना इतका आंबट झाला की कोंबड्यांनीही तोंड फिरवलं. एका वर्षी मी शहाणपणा करून माझं आंबोळीचं पीठ दिलं. त्याचे पाव झाले नाहीत, क्रूस काढलेल्या आंबोळ्या झाल्या. माझ्या नवऱ्यानं चटणी मागितली.

पण एक वर्षही तिनं पाव चुकवले नाहीत. जे होईल ते ताटलीत घालून, वर रुमाल झाकून, ती घरोघर द्यायची. "दात सांबाला," असं आपणच सांगायची. लोक हसत. ती पण हसे आणि घरी आली की परात इतकी खसाखसा घासे की आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू येई.

असंच एक वर्ष. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, जवळ आला होता. बायनं मनुका आणि थोडी साल गुळाच्या पाण्यात भिजत घातली, बरणीवर बशी ठेवली, बरणी खिडकीत ठेवली, आणि त्याच दुपारी गोराईहून निरोप आला की बहीण आजारी आहे. ती तशीच गेली. म्हणाली, उद्या येते. बहिणीचं दुखणं लांबलं आणि तिचं येणंही.

ती परत आली तेव्हा मी अंगणात पापड वाळत घालत होते. तिचा नवरा ओट्यावर रंधा मारत बसला होता. ती घरात गेली. जरा वेळानं बशी फुटल्याचा आवाज आला म्हणून मी धावले. बाय खिडकीशी उभी, हातात बरणी. मनुका सगळ्या वर तरंगत होत्या, पाण्यावर फेस चढला होता आणि कान न लावताही फसफस ऐकू येत होती. वास तर असा की मला क्षणभर सासऱ्यांच्या परसात उभं असल्यासारखं वाटलं.

"दारू झाली," बाय पुटपुटली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माज्या घरात. माज्याच हातानं."

ती बरणी घेऊन मोरीकडे निघाली. मी तिचा हात धरला. भंडाऱ्याची सून होते मी, फेस ओळखत होते. "बाय, थांब. ओतू नको. माडीला येतो तोच हा फेस. यानं पीठ फुगेल."

"आनि हा?" तिनं दाराकडे मान केली.

तिचा नवरा दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे. त्याच्या दाढीत लाकडाचा भुसा होता.

"परवापासून फसफसतंय," तो म्हणाला. "मना वास आला तवाच."

परवापासून हा घरात एकटा होता आणि खिडकी त्याच्या खाटेपासून हातभर अंतरावर.

"तू बनव पाव," तो पुढे म्हणाला. "मी वाकोल्याच्या भावाकडं जातो. शुक्रवार झाला की येतो."

बाय त्याच्याजवळ गेली. नेहमीप्रमाणे टोपी काढायला तिनं हात वर केला, पुढे वाकली, आणि थांबली. टोपीला हात न लावताच ती मागे झाली. मग तिनं ती बरणी त्याच्या हातात दिली.

"खय जायाचं नाय," ती म्हणाली. "तूच सांबाल. रोज जरा गूल घाल. फेस खाली बसला तर मना सांग."

तो बरणीकडे बघत राहिला. मी आपली बाहेर आले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्या दोघांना दाखवायचं नव्हतं.

तो आठवडा गावठाणात दुसरा विषय नव्हता. जाऊ म्हणाली, मांजराला दूध राखायला दिलंय. लोक काहीबाही कारण काढून ओट्यावरून जात. तो बरणी शेजारी घेऊन लाकूड तासत बसलेला असे. बायनं मात्र कमालच केली. तिनं बरणीकडे बघणंच सोडलं. शेतावर गेली, बाजारात गेली, गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो तिथे दुपारीच जाऊन बसली आणि सावकाश परत आली. एकदाही पाणी किती उरलंय ते पाहिलं नाही, एकदाही टोपी काढून घेतली नाही. तिला ते किती जड जात होतं, हे मला विहिरीवर कळायचं. ती घागर भरल्यावरही दोर ओढतच राहायची.

शुक्रवारी सकाळी तिनं मला हाक मारली. परातीवरचं ओलं फडकं पिठानं वर उचललं होतं. तिनं बोट दाबलं. खळगा हळूहळू, आळस देत, भरून वर आला. तिनं नवऱ्याला बोलावलं, त्याचा रंध्यानं घट्टे पडलेला अंगठा धरला आणि पिठात दाबला.

ते पाव दिसायला काही जावेच्या पावांसारखे नव्हते. रंगानं काळपट, एका बाजूला कललेले. पण मऊ होते, आणि लवंग-दालचिनीच्या आड मनुकांचा खोल गोड वास होता. बायनं पहिली ताटली जावेकडे पाठवली. नवऱ्याच्याच हातानं पाठवली.

यानंतर तो कधीच प्याला नाही, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दोनदा घसरला. एकदा वाकोल्याचा भाऊ वारला तेव्हा, आणि एकदा काहीच कारण नसताना. दोन्ही वेळा बायनं त्याला घरात घेतलं, न्हाऊ घातलं आणि पुढचे काही दिवस त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलली. पण ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आले की मनुकांची बरणी ती त्याच्याच हातात देई, दरवर्षी. त्या आठवड्यात तो कधी चुकला नाही.

आम्हाला तिथे राहून दहा वर्षं होत आली आणि एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन बाय गेली. मी तोवर दोन मुलांची आई झाले होते. दोन्ही बाळंतपणं तिनंच काढली होती. माझी आई गेली तेव्हा मी जेवढी रडले नाही, तेवढी तेव्हा रडले. सुतारानं तिची शवपेटी स्वतः केली. कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्या खिडकीकडे बघायचं टाळत होते. यंदा पाव नाहीत, हे मी मनाशी धरूनच चालले होते. रविवारी दुपारी तो झावळी घेऊन चर्चमधून आला, घरात गेला आणि बरणी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. मनुका भिजलेल्या होत्या, फेस नुकता धरत होता.

"वैनी, ही शुक्रवारपरयंत तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"का हो? इतकी वर्षं तुम्हीच तर सांभाळलीत."

तो बरणीकडे न बघता उंबऱ्याकडे बघत होता. "ती मुद्दाम बघत नव्हती," तो म्हणाला, "म्हनून जमत होतं. आता खरंच कोन बघत नाय."

मी बरणी घेतली आणि आत फडताळात ठेवली. गुरुवारी संध्याकाळी तो मैदा, मसाले आणि तिची परात घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला. सगळं त्यानं आपल्या हातानं मिसळलं, मध्ये आळं केलं. मग मला म्हणाला, ओता, आणि तोंड दाराकडे फिरवून उभा राहिला. मी बरणी शेवटच्या थेंबापर्यंत पालथी केली, विसळून ठेवली आणि झालं म्हणाले. मग तो वळला आणि पीठ मळायला बसला.