विकायला काढलेल्या बंगल्याचे कांदेपोहे

अन्याय झाला तो माझ्या आत्येबहिणीवर. गेल्या वर्षी, बुद्ध पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, सकाळी साडेदहाला, बदलापूरच्या पुढे बारवीच्या रस्त्यावरच्या एका गावात, तिच्या स्वतःच्या बापाच्या बंगल्याच्या फाटकापाशी. ताई कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर आली होती. शेजारच्या वनूमावशीनं तिचा हात धरला, डोळ्यांना पदर लावला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांत्वन केलं, "नको वाईट वाटून घेव गो पोरी. ह्यो पन गेला तं गेला. तुझ्या नशिबातला येल." ताईनं विचारलं, "कोण गेला, मावशी?" "त्यो, सफेद गारीवाला! पोहे खाल्ले, हात पुसले नि गेला मेला." तेव्हा ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. गेले चार महिने दर रविवारी दारात गाडी थांबते, माणसं चांगले कपडे घालून उतरतात, ताई ट्रेमधून पोहे आणते, माणसं जातात आणि पुढं काहीच होत नाही, हे सगळं गाव फाटकातून बघत होतं. आणि बँकेत कॅशियर असलेल्या, लग्नाचं नावही न काढणाऱ्या माझ्या बहिणीला एवढ्या जणांनी नाकारलं, म्हणून हळहळत होतं.

गाडीवाले ताईला बघायला येतच नव्हते. ते बंगला बघायला येत होते. या सगळ्याला जबाबदार माणूस एकच, आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. घर विकण्याच्या कामी त्यांच्याइतका नालायक माणूस उल्हास नदीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

आतोबा मोरिवलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करून हातांना जी सवय लागली होती, ती निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या एका जुन्या कौलारू घरावर काढली. कौलं गेली, स्लॅब आला. फाटकाला रिमोट आला, बेसिनला हात धरला की आपोआप वाहणारा नळ आला, जिन्यात पाय ठेवला की पेटणारे दिवे आले, स्वयंपाकघरात विमानासारखी घरघरणारी चिमणी आली. सगळं आतोबांनी स्वतः जोडलेलं, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला स्वतःचं मन होतं. पंखा वाढवायला जावं तर फाटक उघडायचं. नळ आत्याला ओळखायचा, पाहुण्यांना ओळखायचा नाही. मागं पाऊण एकराची बाग होती. तिच्यात हापूस, चिकू, फणस, मोगरा आणि एक कडुनिंब, प्रत्येकाच्या मुळाशी बारीक नळी आणि सगळ्यांचा मिळून एक टायमर. आतोबा पहाटे उठून बुद्धवंदना म्हणत आणि मग झाडाझाडापाशी जाऊन चौकशी करत. फणसाशी ते जरा कडक बोलायचे. "त्याला लाड सोसत नाहीत," असं त्यांचं मत होतं.

बंगला विकायचा हे आत्याचं म्हणणं होतं आणि ते शंभर टक्के रास्त होतं. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून घेणारी बाई बदलापूरच्या कुळगावात, ताईची बँक कुळगावात आणि संध्याकाळी उशीर झाला की गावाकडं शेअर रिक्षा मिळायची नाही. ताई अंधारात अर्धा रस्ता चालत यायची आणि आत्या त्या गुडघ्यांनी फाटकापर्यंत चालत जाऊन उभी राहायची. हे असं तीन पावसाळे चाललं होतं. "बाग तुमची, गुडघे माझे," आत्या एक दिवस म्हणाली. "काय ठेवायचं ते सांगा." आतोबा दिवसभर बागेतल्या नळ्या साफ करत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "विकू. पण चांगल्या घरी देऊ."

इथंच घोळ झाला. माणूस मालमत्ता विकतो, तेव्हा भाव सांगतो, कागद दाखवतो, मोकळा होतो. आतोबांनी एकुलती एक मुलगी उजवायला काढल्यासारखा बंगला काढला. खरी मुलगी बाजूला बसून हे बघत होती. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला रविवारीच बोलवायचं, घरी कांदेपोहेच करायचे, वर ओलं खोबरं हवंच. आत्याला उभं राहवत नाही म्हणून ट्रे ताईनं आणायचा. गिऱ्हाईक बसलं की आतोबा घसा साफ करून आधी दोष सांगायचे, "हॉलच्या कोपऱ्याला पावसात ओल धरते. लपवून द्यायचं नाही आपल्याला." मग चौकशी सुरू. घरात व्यसन कुणाला? आधीचं घर का सोडताय? भांडणं झाली की वस्तू फेकता का? एकानं सवयीनं भिंतीवर टकटक करून बघितलं, तर आतोबा उठून उभे राहिले. "तुमच्याकडची मुलगी बघायला आलेल्यांनी तिचे दात मोजले, तर चालेल तुम्हाला?"

मी मुली बघण्याच्या कार्यक्रमांविरुद्ध पत्रकं लिहिते आणि स्वतः उभी राहून वाटते. मुलगी ही वस्तू नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा छापलंय की छापखानेवाला आता विचारतही नाही. आणि माझ्याच आत्याच्या घरी वस्तूची मुलगी करून ठेवली होती! मी आतोबांना तोंडावर सांगितलं, "हे प्रतिगामी आहे." त्यांनी माझ्यापुढं पोह्यांची बशी सरकवली आणि म्हणाले, "लिंबू पिळ. तुझं बरोबर आहे. पण आपण हातानं उभं केलं ते घर कुणाला देतोय, हे विचारायचं नाही?" मी लिंबू पिळलं.

एजंट उल्हासनगरच्या कॅम्प तीनचा, हसतमुख सिंधी माणूस. तो या बंगल्यापायी वाळला. "अंकल, मैं पार्टी लाता हूँ, आप उसका इंटरव्यू लेते हो," असं तो हात जोडून म्हणायचा. त्यानं एक जीन्सच्या कारखान्याचे मालक आणले. त्यांना बंगला फार आवडला. "बस संडे संडे आना है, दोस्त लोग के साथ," ते म्हणाले. आतोबांनी त्यांना गाडीपर्यंत अतिशय प्रेमानं पोचवलं आणि आत येऊन नकार जाहीर केला, "आठवड्यातून एकदा येणार. सहा दिवस हिच्याकडं बघणार कोण?" दुसऱ्या एकानं फणसाखाली पावलं टाकून स्विमिंग पूल मोजायला सुरुवात केली, तर आतोबांनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. अर्धी भरलेली! एक कुटुंब तर हिरवळीवर ओळीनं उभं राहून फोटो काढत असताना टायमर लागला आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकदम भिजले. आतोबांनी टॉवेल आणले, आजोबांना स्वतःची लुंगी नेसवली आणि माफीच्या सुरात म्हणाले, "बाग स्वभावानं जरा मोकळी आहे."

इकडं गावात ताईची कीव वाढत गेली. दुकानदार तिला सुट्टे पैसे देताना हळू बोलायला लागला. वनूमावशीनं बुधवारचा उपास धरला. ताईनं तिला चारदा समजावलं, की मावशी, माणसं घर बघायला येतात. मावशी मान हलवायची आणि पुढच्या दारी जाऊन सांगायची, "पोर हुशार हाय. दुखना लपवते." शेवटी मावशीनं ठरवलं की बाप नालायक आहे, आता आपणच हालचाल केली पाहिजे. आणि एका रविवारी ती मोरिवलीच्या एका बिजवराला त्याच्या म्हाताऱ्या आईसकट घेऊन थेट फाटकात हजर झाली.

आतोबांना वाटलं, एजंटनं पाठवलेली पार्टी. त्यांनी ओल सांगितली, व्यसनाचं विचारलं आणि दोघांना बागेत घेऊन गेले. मोरिवलीत त्या मायलेकांचं घर कारखान्यांना खेटून. म्हातारीचा खोकला दारातून आत येतानाच आम्ही ऐकला होता. हापूसच्या सावलीत खुर्ची टाकली, ती बसली, दोन घास पोहे खाल्ले आणि बसल्या बसल्या झोपली. अगदी गाढ. तोंड उघडं, हात मांडीवर. मुलगा हळूच म्हणाला, "उठवू नका. घरी रात्री बसूनच असते." आणि माझ्या आतोबांनी, जे फणसालाही सवलत देत नाहीत, चपला काढल्या, अनवाणी धावत जाऊन टायमर बंद केला आणि फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांना हॉर्न वाजवू नका म्हणून खुणा करत राहिले.

मुलगा आत पाणी मागायला आला, तेव्हा त्याला स्वयंपाकघरात बसवून ताईनं मुद्दा निकालात काढला. "हे बघा, मला लग्न करायचं नाही." तो माणूस खुर्चीत सैल झाला. "मलापण नाही," तो म्हणाला. "मावशी ऐकतच नाही हो. आईलाच घेऊन निघाली, म्हणून आलो." दोघांनी मग पोटभर पोहे खाल्ले. दुपारी म्हातारी उठली, आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "मी खोकले नाय?" आतोबा परत येऊन कधीचे तिच्या खुर्चीमागं उभे होते, तिथूनच म्हणाले, "नाही. एकदाही नाही." आणि आत्याकडं वळून जाहीर केलं, "पसंत आहे." आमच्याकडून होकार गेल्यावर तासाभरानं समोरच्यांना कळलं की घर विकाऊ आहे. मग मात्र मोरिवलीची जागा विकून ते लोक दिवाळीच्या आत राहायला आले. एजंटनं व्यवहार पुरा केला आणि आतोबांच्या पाया पडला. भक्तीनं नव्हे, सुटल्याच्या आनंदानं.

सुटलो आम्ही सगळेच. आत्या आता कुळगावात दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्टनं खाली उतरते आणि व्यायामाला चालत जाते, हो, चालत. ताई उजेडात घरी येते. वनूमावशीनं उपास सोडला, कारण ती म्हणते पोरीचं नाही तर घराचं तरी जमलं. व्यवहार झाला त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी कुणावरही न चिडता झोपले.

फक्त आतोबा अजून पहाटेच उठतात. बुद्धवंदना होते आणि मग पुढं काय, हे त्यांना सुचत नाही. गॅलरीत दोन कुंड्या आहेत, त्यांची चौकशी मिनिटभरात संपते. मग ते खाली उतरून इमारतीच्या मागं, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिथं उभे राहतात. परवा मी विचारलं, "काय बघताय?" म्हणाले, "काही नाही. दुपारपर्यंत ऊन येतं इथं." ते कुणाकडं काही मागणार नाहीत. मागायचं काम माझं आहे, आणि ते मला येतं. त्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवून दोन स्कूटर उभ्या करायचा ठराव सोसायटीच्या पुढच्या सभेत येतोय. तुम्ही त्या सोसायटीत राहत असाल, तर हात वर करू नका. दुसऱ्या कुठल्या सोसायटीत राहत असाल, तर तुमच्या टाकीमागची माती आज खाली जाऊन बघून या, आणि तिथं पहाटे कुणी म्हातारा नुसता उभा दिसला, तर त्याच्या हातात फावडं द्या.