मढ्याचं पोट

त्या जुन्या गुप्तहेरी विनोदी चित्रपटात एकूण तेवीस चुका आहेत आणि त्या सगळ्या मला तोंडपाठ आहेत. (या विद्येचा आजवर फायदा झालेला नाही. तोटा झाला, तो सांगतो.)

माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची, सुपारी फोडायला बिडकीनची मंडळी आमच्या गारखेड्याच्या घरी आली होती. मागची दोन स्थळं माझ्या जिभेमुळं परत गेली, असं आईचं मत. हा मुलगा तर सुनंदाला मनापासून आवडला होता. म्हणून आईनं सकाळीच बजावलं होतं, "तू फक्त पाणी द्यायचं. बोलायचं नाय."

गुरुजींना उशीर झाला, टीव्हीवर रविवारचा चित्रपट लागला आणि तो नेमका तोच! मी बंद करायला उठलो, तर मुलाचे वडील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की," आणि खुर्ची पुढं ओढून बसले. मला वाटलं, रसिक माणूस भेटला.

"गुप्तहेराचं घड्याळ बघा हं. आत्ता डाव्या हातात... गेलं उजव्यात!"

"व्हय की," ते म्हणाले.

झालं, मी चेकाळलो. भिंगाला काच नाही, पंक्चर झालेली मोटार तशीच पळतेय, सगळं दाखवलं. आई डोळे वटारत होती. नवरदेव मान खाली घालून घामाघूम झाला होता. मला वाटलं, पंख्याचं वारं तिकडं जात नसेल.

मग देवगिरी किल्ल्याचा प्रसंग आला. पायऱ्यांवर मढं पडलेलं.

"आता मढ्याचं पोट बघा. खालीवर होतंय! असलं मढं कुठून धरून आणलं होतं, देव जाणे!"

"बिडकीनहून," ते म्हणाले.

आईनं ताटातल्या सुपारीवर हात ठेवला, जणू ती उठून चालली होती.

"शूटिंगवाल्यांनी मलाच निजवलं व्हतं," ते सावकाश म्हणाले. "गावात आजवर असं कुणी बोललं नाय." त्यांनी टोपी उचलली. माझ्यापायी तिसरं स्थळ निघालं होतं.

तेवढ्यात सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मामा, तापल्या दगडावर उताणं पडून ऱ्हाणं खायचं काम नाय. आमचा दादा शाळा बुडवायला आजारी पडायचा, तर दोन मिनिटांत उठून खायला मागायचा."

ते टोपी हातातच धरून थांबले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोट किती येळा हाललं?"

"तीनदा," मी पुटपुटलो.

"चारदा. मुंगळा चावला तवाचं तुमचं हुकलं." आणि टोपी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "गुरुजी कुठवर आलं?"

लग्न थाटात झालं. आता दर दिवाळीला बिडकीनला त्या लग्नाची कॅसेट लागते. कानपिळी आली, की मामा, म्हणजे सुनंदाचे सासरे, चित्र थांबवतात. नवरीचा भाऊ म्हणून मी नवरदेवाचा कान पिळतोय, आधी डावा आणि लगेच उजवा. (फोटोग्राफरनं पुन्हा पिळायला लावलं होतं, पण ऐकतो कोण?)

"असला भाऊ कुठून धरून आणला व्हता, देव जाणे," मामा जमलेल्या पाहुण्यांना म्हणतात.

मी कोपऱ्यातून निमूटपणे सांगतो, "गारखेड्याहून."