अक्का आणि लिंबाची वांझ फूट

माझ्या जावेला जन्मभर वांझ म्हणणाऱ्यांनी आज तिच्या फोटोला हार घालायला येऊ नये.

स्पष्टच लिहिते.

आज पहाटे अक्का गेली. माझी मोठी जाऊ. एकोडीची लेक, सानगडीची सून.

माणसं जमली नाहीत तोच दोघी कुजबुजल्या, "बिचारीची कूस काही उजवली नाही जी."

अजून बाई घरात आहे, आणि यांचं सुरू! डोकंच फिरलं माझं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली मी या घरात लग्न होऊन आले. मागच्या वाडीत कागदी लिंबाचं झाड होतं. झाड कसलं, जंगल! आत हात घातला की कोपरापर्यंत ओरखडे, आणि लिंबं नावाला.

अक्कानं एक दिवस पदर खोचला, आरी घेतली. वाळक्या काड्या काढल्या, एकमेकीत घुसलेल्या फांद्या विरळ केल्या. मग बुंध्यातून सरळ वर गेलेल्या, लांब काट्यांच्या हिरव्यागार फुटींना हात घातला.

मी म्हटलं, "इतक्या टवटवीत फांद्या काहून कापून राहिल्या जी अक्का?"

"अवं, हे वांझ फूट आहे. दिसाले टरारलेली, पण लिंबू नाही धरत. हिले काढाच लागते. नाही तं फळतीच्या वाट्याचं हेच खाते."

झाडाबद्दल बोलली हो ती!

सासू मागच्या दारात उभी होती. तिनं एकच शब्द ऐकला. हवा तोच.

संध्याकाळी सगळे जेवत असताना मोठ्या लेकाला म्हणाली, "पाह्य बापू, तुई बायको सोताच म्हणते, वांझ काढाच लागते. आता मी तुयासाठी दुसरी पाहतो."

आणि भासरे? म्हणजे अक्काचा नवरा? मान खाली घालून वरण ओरपत राहिले.

मी नवी नवरी. तरी बोलले, "ते झाडाचं होतं जी."

"तू चूप बस. काल आली अन् मले शिकवते!"

अक्का भात वाढत होती. भात ताटाबाहेर सांडला, आणि त्याचीही बोलणी तिनंच खाल्ली.

त्या उन्हाळ्यात दुसरी आलीच. कायदा काय म्हणतो ते कोणी विचारलं नाही. अक्काची खाट सपरीत, बाहेरच्या पडवीत गेली.

पुढच्या साली लिंबू असं लगडलं की फांद्यांना टेकू लावावे लागले. हळदीकुंकवाला अक्काला टाळणाऱ्या बायका पदर पसरून दारात हजर! लोणच्यासाठी!

"कायले देता जी यायले?" मी चिडून विचारलं.

"मस्त लोणचं करतेत त्या. आपल्याले बी एक बरणी भेटन."

भेटली का बरणी? अजिबात नाही.

दुसरीचाही पाळणा हलला नाही. मग सासूनं तिलाही तोच शब्द चिकटवला. पण भासऱ्यांकडे कोणी बोट दाखवलं नाही. ते ताठ मानेनं जगले आणि ताठ मानेनं गेले.

मागच्या महिन्यात दवाखान्यात अक्का सहज बोलल्यासारखं बोलली.

"दुसरी आणाच्या आधीच भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं मले तपासलं होतं. माह्यात काहीच दोष नव्हता."

मी थक्क. "मंग सांगितलं काहून नाही जी?"

"सांगितलं ना. तुया भासऱ्याले. ते म्हणाले, कोणाले सांगू नको."

म्हणजे त्या संध्याकाळी वरण ओरपणाऱ्या माणसाला सगळं माहीत होतं!

एवढं लिहून पोस्ट टाकली, तर लगेच मुलाचा मेसेज आला. "मम्मी, पोस्ट डिलीट कर. घरातली गोष्ट आहे."

नाही करणार.

अक्का, या आता. तुम्ही बाकी कोणाले नाही सांगितलं. मी सांगितलं जी.

तुमच्या धाकट्या जावेची भावपूर्ण श्रद्धांजली.