पाचच चॅनल

घराबाहेर पडताना तात्या उंबऱ्यात थांबून ओरडायचे, "सुटतोय गं!" आतून काकूंचं "जाऊ द्या!" ऐकू आल्याशिवाय पुढचं पाऊल पडायचं नाही. सगळी नोकरी एस्टीच्या स्टिअरिंगवर गेलेली. कंडक्टरची घंटी झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवय निवृत्त झाल्यावरही अंगात राहिली होती. पारनेर तालुक्यात, पुणे जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या त्या गावी माझी शाळेवर बदली झाली आणि मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्या सकाळी मला वाटलं, काय हौशी जोडपं आहे! इंदूकाकूंना दिसत नाही, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. घरात त्या इतक्या सराईतपणे वावरायच्या.

काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली होती. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. भाकरी थापायच्या, चूल सारवायच्या, माझ्या चपलांच्या आवाजावरून "बाई, आज दमलीस व्हय?" असं विचारायच्या. कुणाला काही मागणं मात्र त्यांना जिवावर यायचं.

एकदा मी शाळेतून आले, तर त्यांच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता. कुठल्यातरी दक्षिणेकडच्या भाषेत दोन बायका कडाकडा भांडत होत्या आणि काकू शांतपणे लसूण सोलत बसल्या होत्या. तेवढ्यात तात्या डेअरीवर दूध घालून आले.

"अगं, हे काय लावलंय?"

"रिमोटचं कायतरी भलतंच बटन दाबलं गेलं. मराठी लागंचना."

"मग शेजारी हाक मारायची."

"रोज रोज कुनाला हाका मारायच्या? ऱ्हाऊ द्या. कुनीतरी बोलतंय, तेवढंच बरं वाटतं."

तात्या रिकामी किटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. संध्याकाळी ओट्यावर मला म्हणाले, "बाई, एवढी मोठी गाडी, शेकड्यानं शिटा, आन् तिलाच तिची शीट सापडंना."

मला माझा पुण्याचा भाऊ आठवला. त्याच्याकडे तात्यांसारखी डिश नव्हती. नव्या टीव्हीला साधी अँटेना जोडली की दूरदर्शन थेट लागायचं. तात्यांच्या मुलाने, संजयने, आणलेला टीव्हीही नवाच होता. मी म्हटलं, "पण तात्या, त्यावर चार-पाचच चॅनल लागतात."

तात्यांनी मान वर केली. "पाचच? मग तेच पायजे की!"

अडचण एकच होती. मागे पत्रे बदलताना तात्या छपरावरून घसरले होते आणि मांडीचं हाड मोडून बरेच दिवस पडून होते. पुन्हा छपरावर चढणार नाही, अशी शपथ काकूंनी त्यांना घातली होती. दुसऱ्या कुणाला चढवायलाही त्या तयार नव्हत्या. म्हणजे अँटेना घरातच बसायला हवी.

तात्या एस्टीने नगरला गेले. ओळखीचा दुकानदार हसला म्हणे, "तात्या, आता अँटेना कोण घेतं? डिशला शेकड्यानं चॅनल येतात." तात्या म्हणाले, "म्हनूनच नको." त्यांनी तीन अँटेना लावून बघायच्या बोलीवर आणल्या. एक काळी, बोटाएवढी काडी, एक सशाच्या कानांसारख्या दोन दांड्यांची आणि एक कागदासारखी चपटी, भिंतीला चिकटवायची.

"दुकानात समद्याच चांगल्या दिसत्यात," ते म्हणाले. "घाटात चढती का, ते बघू."

काडीला काहीच सापडलं नाही. दांड्यांची अँटेना टीव्हीवर ठेवली, कपाटावर ठेवली, स्वयंपाकघरात नेऊन पाहिली. वर पत्रा, मध्ये दगडी भिंत, त्यामुळे पडद्यावर "सिग्नल नाही" एवढंच. शेवटी पुण्याच्या दिशेच्या खिडकीत ती धरली आणि सह्याद्री लागलं! मी टाळ्या वाजवल्या. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. तात्या मात्र खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"तात्या, बघा तरी!"

"बघून काय करू? तिला कसं लागतंय, ते ऐकतोय." जरा वेळाने मान हलली. "न्हाई. मधीच घास गिळल्यावानी हुतंय. शब्द जातोय."

मग त्यांनी चपटी अँटेना त्याच खिडकीत लावली. कधी वर, कधी खाली, कधी गजापासून लांब. प्रत्येक वेळी येऊन बसायचे, डोळे मिटायचे, ऐकायचे. वरच्या कोपऱ्यात शब्द सलग येऊ लागले, पण खिडकीपुढे कुणी वावरलं की पुन्हा तुटायचे. त्या खिडकीखाली तात्यांची बाज होती. उन्हाळ्यात साऱ्या घरात वारा लागायचा तो तिथेच. तात्यांनी बाज उचलून पलीकडच्या कोंदट कोपऱ्यात नेली.

काकूंना बाज सरकल्याचा आवाज आला. "अवो, तिकडं उकडंल की!"

"इंजिनाशेजारी जल्म गेलाय माझा. मला काय उकडतंय?"

मग रिमोट काकूंच्या हातात देऊन त्यांचा अंगठा बटणावर टेकवला. काकूंनी दाबलं. हिंदी. पुन्हा दाबलं. क्रिकेट. पुन्हा दाबलं, तशा मराठी बातम्या लागल्या. "हे माझं!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. तात्या बाहेर गेले आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिले.

पुढे माझी कर्जतला बदली झाली. गेल्या हिवाळ्यात संजयचा फोन आला. तात्या झोपेतच गेले होते. मी भेटायला गेले, तेव्हा तो आईला पुण्याला चल म्हणून विनवत होता.

"यीन की," काकू म्हणाल्या, "दिवाळीला. ऱ्हायला न्हाई. इथं माझं मला समदं सापडतंय."

तिन्हीसांजेला त्यांनी उठून स्वतः टीव्ही लावला आणि मला शेजारी बसवून घेतलं. बातम्यांमध्ये कुठल्याशा गावच्या वरातीची हकिकत सांगत होते. नवरदेवाची घोडी उधळून त्याला घेऊन थेट उसात शिरली होती. काकू खळखळून हसल्या.

"अवो, ऐकलं का?"

बातमी पुढे गेली. काकूंनी चाचपत माझा हात धरला.

"बाई," त्या म्हणाल्या, "तू ऐकलं का गं?"