श्वासाआधी रिपोर्ट

त्या हिवाळ्यात माझी सेक्शन चौदा हजार फुटांवरच्या एका चौकीवर होती. दहा जवान, अकरावा मी हवालदार. एक रेडिओ सेट, दोन स्टोव्ह आणि खाली तळावर जायला खेचरांची एक पायवाट. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

०५३० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारासह मोर्चावर. ०६०० ला चहा. ०६३० ला नामदेवची बैठक.

लान्सनाईक नामदेव माझ्याच गावचा, गव्हाणचा. आम्ही दोघे मिठागरातली माणसं. रिक्रूट असताना एका म्हाताऱ्या उस्तादाने त्याला आसनं आणि प्राणायाम शिकवला होता, पण खरं शिक्षण त्याचं मिठाच्या वाफ्यातच झालेलं. मिठावरची लाकडी फळी ओढताना श्वास सोडायचा, मागे नेताना घ्यायचा. मध्ये बोलायचं नाही. बोललात की दम तुटतो. नामदेव तेच शिकवायचा. ब्लँकेटवर ताठ बसा, घ्या आखूड, सोडा लांब, आणि मन पळालं की पुन्हा फळीवर आणा. पंधरा मिनिटं, बस्स.

तुम्ही सिव्हिलियन लोक हसाल. आम्हीही हसलो होतो. पण त्याआधी दोन जवान घासलेटच्या डब्यावरून एकमेकांचे गळे धरायला निघाले होते आणि निम्म्या सेक्शनला झोप नव्हती. माझे तर हात थरथरायचे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांत भांडणं थांबली, झोप लागायला लागली आणि माझे हात जागेवर आले.

एकदा सुभेदार साहेब पाहणीला आले. "हवालदार, ये क्या आश्रम खोल रखा है?"

"साहब, दस आदमी हैं. महीने में एक झगड़ा नहीं."

साहेब चहा पिऊन गेले.

पुढे बर्फ पडायच्या आधीचा शेवटचा खेचरांचा कॉलम आला. सामान उतरवून तो ११०० ला परत खाली निघणार होता. नामदेव दोन दिवस खोकत होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"नामा, खाली जातोस का? डॉक्टर बघंल."

"नाय दादा. छातीत जरा भरलंय. बसलो का उतरंल. तुमी काळजी नका करू."

आता इथे नीट ऐका, कारण इथेच घात झाला. आमच्या गावात मिठाच्या हंगामात कोणी आजारी आहे असं म्हणत नाही. अंगात ताप असला तरी फळी ओढायची. तुम्ही बसलात तर तुमचा वाफा शेजाऱ्याच्या पाठीवर पडतो, म्हणून 'काय नाय' हे एकच उत्तर. दुसऱ्या मुलखातला हवालदार असता तर त्याने नामदेवला खेचरावर बांधून पाठवलं असतं. मी गव्हाणचा. मला ते 'काय नाय' बरोबर वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला त्याची बैठक हवी होती. तो गेला असता तर माझे हात पुन्हा थरथरले असते. कॉलम ११०० ला गेला. दुपारी बर्फ सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी १००० वाजता नामदेवचे ओठ निळे पडले. खोकल्याबरोबर गुलाबी फेस यायला लागला. मी रेडिओ सेट उचलून तळाला हाक दिली.

"अल्फा फॉर डेल्टा. एक जवान सीरियस. नीचे ला रहा हूँ. ओव्हर."

"डेल्टा फॉर अल्फा. रास्ता बंद. मूव्ह मत करो. वेट. ओव्हर."

"वेट नहीं होगा. निकल रहा हूँ. आऊट."

दोन बांबू, एक ब्लँकेट. चार जवान आणि मी. चौकी नाईकाच्या ताब्यात देऊन १०४० ला निघालो. बर्फ मांडीपर्यंत होता. मी त्याच्या डोक्याशी चालत होतो आणि सारखं म्हणत होतो, "सोड नामा. लांब सोड."

एकदाच तो बोलला. "दादा, सुटत नाय."

१४२० ला नामदेव गेला. तळावर पोचलो तेव्हा १७०० झाले होते. डॉक्टर कॅप्टनने त्याला तपासलं, उंचीमुळे फुफ्फुसात पाणी भरलं म्हणून सांगितलं आणि मला एवढंच विचारलं, "कल के कॉलम में क्यों नहीं भेजा?"

हुकूम मोडून चौकी सोडली म्हणून पलटणीचे मोठे साहेब, सीओ, यांच्यापुढे माझी पेशी झाली. सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद, मिळाली. माझ्या कागदांत चूक म्हणून ती नोंद आहे. मी ती मानत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा निघेन. माझी चूक आदल्या दिवशी ११०० वाजता झाली, आणि ती कुठल्याच कागदावर नाही.

पेन्शनीत आल्यावर पनवेलला खोली घेतली आणि भातगिरणीच्या गेटवर नोकरी धरली. सकाळी सहाला तळ्याच्या काठी बैठक सुरू केली. गिरणीतले हमाल यायचे, एक शिंपी, कोर्टातला एक कारकून. पनवेलकरांना गंमत वाटली. आमच्यासारख्या मासळी खाणाऱ्या मिठागरवाल्यांनी नाक धरून बसणं म्हणजे काहींच्या मते देवळात जोडे घालून जाणं होतं.

कारकून म्हणाला, "हवालदार, सकाळी प्राणायाम आणि दुपारी सुकट?"

"दोन्ही वेळेवर," मी म्हणालो.

मी सुकट सोडली नाही आणि बैठकही सोडली नाही. कोणाला पटो न पटो. पण एक नियम ठेवला. बसण्याआधी प्रत्येकाने रिपोर्ट द्यायचा: नाव, गाव, काय दुखतं. श्वासाने मन थाऱ्यावर येतं, झोप लागते, राग उतरतो. फुफ्फुसात भरलेलं पाणी श्वासाने निघत नाही. त्याला डॉक्टर लागतो. हे ज्याला कबूल नाही त्याने घरी बसावं, असं मी तोंडावर सांगायचो.

एका सकाळी रांगेत धर्माकाका येऊन बसले. नामदेवचे वडील. पनवेलला लेकीकडे आले होते. त्यांची पाळी आली.

"काका, काय दुखतं?"

"काय नाय."

ते छातीच्या वरच्या वर श्वास घेत होते. मी तो श्वास ओळखला.

"काका, उठा. दवाखान्यात जायचं."

"आरं, हंगाम हाय. परवा गावाला जायाचंय."

"हंगाम गेला खड्ड्यात. उठा."

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. बैठक तशीच सोडून आम्ही सरकारी दवाखान्याकडे चालू लागलो. अर्ध्या वाटेत ते थांबले.

"माज्या नामाला असा धरून का नाय नेलास?"

इतकी वर्षं मी हा प्रश्न टाळायला गव्हाणला जात नव्हतो. "तो काय नाय म्हणाला, आणि मी ऐकलं. मला तो जवळ हवा होता. चूक माझी आहे, काका."

ते म्हणाले, "काय नाय म्हनायला आमीच शिकवला त्याला." आणि चालू लागले.

छातीत कफ साचला होता. डॉक्टरने औषध दिलं, वीस दिवस बाहेर पडू नका म्हणून बजावलं. एकविसाव्या दिवशी सहाला पाच कमी असताना ते तळ्यावर हजर होते. रांग सुरू झाली. शिंप्याने मान सांगितली, कारकुनाने पोट सांगितलं. धर्माकाकांची पाळी आली तेव्हा ते जवानासारखे ताठ बसले.

"धर्मा, गव्हान. डावा गुडघा दुखतो. छाती बरी हाय. आनि पोरगा आठवतो."

"रिपोर्ट घेतला," मी म्हणालो.

मग आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. लांब. नामदेवने सांगितला होता तसाच.