कपाटातले हळदीचे हात

सुहासिनीकाकूंची उंची साडेचार फूट. लग्न होऊन बोरी अरबला आल्या तेव्हापासून या घरातली साखर आभाळाजवळ राहत आली. डबा काढून द्यायला आधी सासरे होते, मग दीर, मग मुलगा साकेत. साकेत नोकरीला पुण्याला गेला आणि उरले यज्ञेश्वरकाका. ते डबा हातात देताना दर वेळी म्हणायचे, "घे, चंद्र काढून आणला." इतकी वर्षं तोच चंद्र.

म्हणून भिंतीतल्या कपाटाच्या फळ्यांना वाळवी लागली तेव्हा काकूंनी वाळवीला एकही शिवी दिली नाही. काका एका लग्नाला राळेगावला गेले, त्याच दिवशी त्यांनी नासिर मिस्त्रीला बोलावलं. रिकाम्या कपाटासमोर उभं राहून त्यांनी मागच्या भिंतीवर पंजा टेकवला. एक डोळ्यांसमोर, एक कमरेशी, एक गुडघ्याशी. पोह्यांची हळद हाताला होतीच. तीन फळ्या, तीन पिवळे पंजे. या घरात त्यांच्या मापानं केलेलं हे पहिलंच काही.

"नासिरभाऊ, आत खुणा केल्या आहेत मी," एवढं सांगून त्या दळण आणायला गेल्या.

परत आल्या तर तिन्ही फळ्या कपाटाच्या माथ्याशी चिकटलेल्या, पूर आल्यासारख्या वर चढून बसलेल्या. त्यांच्यामध्ये चहाची बशी मावली असती, तीही आडवी. खालची भिंत मोकळी, पंजे जसेच्या तसे. नासिरनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

"हे काहून असं?"

"मले पेन्सिलची खूण कुठंच नाही दिसली, काकू. अन् इथं तं देवीचे हात. त्याईच्यावर ड्रिल कसा मारू? बायको मले घरात नाही घेणार."

"देवी नाही रे बाबा. मी आहे ते."

नासिरनं पंज्यांकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा पंज्यांकडे. "इतक्या खाली?"

"एवढीच आहे ना मी."

आणि त्या हसत दळणाच्या पिशवीवरच बसल्या. पिठाचा एक ढग उठला. नासिर तोंड फिरवून हसत होता, पण खांदे त्याचं ऐकत नव्हते. संध्याकाळच्या गाडीनं काका येणार होते. त्याआधी सगळं उतरवून खाली लावायचं होतं. फळ्या निघाल्या. पण पंज्यापाशी येऊन नासिरचा हात थांबला.

"समजलं मले, पण हात उठून नाही राह्यला. पयलं छिद्र तुम्हीच मारा."

काकूंनी ड्रिल मशीन दोन्ही हातांनी धरली. मशीन थरथरली, काकू थरथरल्या, बांगड्या वाजल्या, चुन्याची भुकटी केसांत उडाली. पंज्याच्या बरोबर मधोमध छिद्र पडलं.

"दुखलं का, काकू?"

"गुदगुल्या झाल्या."

साखर त्यांनी सगळ्यात खालच्या फळीवर ठेवली. मुद्दामच.

काका आले, चहाचं आधण दिसताच सवयीनं कपाटात हात वर घातला आणि रिकामं आभाळ चाचपत राहिले.

"साखर कुठं गेली?"

"खाली उतरली."

काका वाकले. अर्ध्यावर कमरेनं कट्ट आवाज केला आणि ते तिथंच थांबले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "मले सांगत जा. मी काढून देत जाईन."