जैनुद्दीनचा कान

आखातातल्या सित्र्याच्या कारखान्यात एखादा पंप कुरकुरायला लागला की इंजिनियर लोक जाडजूड मॅन्युअल उघडत आणि जैनुद्दीन खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढी. टोक पंपावर, मूठ कानाला. अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकलं की निकाल तयार. “मागचं बेअरिंग. चार दिवस चालेल, मग खलास.” आणि पाचव्या दिवशी ते बेअरिंग इमानेइतबारे मान टाकी.

एवढं असूनही गडी चौदा वर्षं फिटर तो फिटरच राहिला होता. शिक्षण आठवी, तेही रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या शाळेत. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची लीव्ह मिळायची, तेवढाच त्याचा संसार. मुलगी सदफ नऊ वर्षांची झाली, पण बाप तिच्या वाट्याला आला होता जेमतेम सात महिने. कंपनीचा नियम सरळ होता: फोरमन व्हा, मग फॅमिली व्हिसा. १९९४ साली जपानी पंप आले आणि मॅनेजर म्हणाला, क्योतोला जाऊन दोन आठवड्यांचं सर्टिफिकेट आण, फोरमन करतो. बायकोला, नसीमाला, त्यानं फोनवर फक्त जपानला जातोय एवढंच सांगितलं. आशा लावून ठेवायची आणि हात हलवत परत यायचं, हे त्याला जमण्यासारखं नव्हतं.

क्योतोत पंप ओळखीचे निघाले, पण कंपनं मोजणारा मीटर मात्र हाडवैरी निघाला. काटा हलायचा, आलेख काढायचा, दोषाचं कारण इंग्रजीत लिहायचं. स्क्रूड्रायव्हरला तिथं मनाई. पहिल्या आठवड्याच्या चाचणीत स्वारी सपशेल आपटली. एवढ्या लांब येऊन माती खाल्ली, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

शिकवणारे कुवाबारासाहेब साठीचे, मोजकं बोलणारे. चार वाजता वर्कशॉप सुटलं की हा पाहुणा खोलीत एकटा कुढत बसेल म्हणून ते त्याला रोज एक देऊळ दाखवायला नेत; कधी बुद्धाचं, कधी जपानच्या जुन्या शिंतो धर्माचं. नमस्कार करायचा की नाही, हा पेच जैनुद्दीननं आपल्या परीनं सोडवला होता. बूट काढायचे, अदबीनं उभं राहायचं आणि खांब-तुळयांचे सांधे बघायचे. एका शिंतो देवळाच्या दारात पाण्याचं दगडी कुंड नि लाकडी पळ्या दिसल्या. नमाजाआधीच्या वजूची सोय बघून हा खूश झाला. तोंड, कोपरापर्यंत हात, सगळं नीट धुतलं आणि मोजे काढायला बसला, तेव्हा कुवाबारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इथं फक्त हात आणि तोंड, म्हणाले. पुजारी मात्र मान लववून हसला. एवढं मनापासून धुणारा त्याला बऱ्याच दिवसांत भेटला नसावा.

दुसऱ्या दिवशी ते एका बौद्ध मंदिराच्या बागेत गेले. तिथं जमिनीतून बांबूची नळी वर आली होती. कुवाबारांनी खूण केली, कान लाव. जैनुद्दीननं कान लावला आणि ताडकन उठला.

“सर, लीक आहे. व्हॉल्व्ह कुठंय?”

व्हॉल्व्ह शोधत तो झुडपांत शिरलासुद्धा. सगळा जन्म लीक बंद करण्यात गेलेला माणूस, दुसरं काय करणार? कुवाबारांनी त्याला परत आणलं नि समजावलं: खाली मडकं पालथं पुरलंय, पाणी मुद्दाम ठिबकवलंय, लोक येतात ते हा नाद ऐकायला. जैनुद्दीन ओशाळला. पुन्हा गुडघे टेकून त्यानं कान लावला, या खेपेला बराच वेळ.

“नाद चांगला आहे,” तो म्हणाला, “पण दबलाय. खाली पाणी चढलंय. निचरा तुंबलाय, सर.”

कुवाबारांनी भिक्षूला विचारलं. भिक्षू चकित झाला. पावसानं गाळ साचला होता आणि पुढच्याच आठवड्यात मडकं साफ करायचं ठरलं होतं.

 दुसऱ्या सकाळी कुवाबारांनी स्वतःच्या हातानं त्याला स्क्रूड्रायव्हर दिला. “आधी ऐक. मग काट्याकडे बघ. तू ऐकतोस तेच तो लिहितो.” झालं, कोडं सुटलं. हा घरघराट म्हणजे हा आकडा, ही शिट्टी म्हणजे आलेखातलं हे टोक. त्या यंत्राला जैनुद्दीन पाच दिवस एकेक आवाज ओळखायला लावत बसला, आणि परीक्षेत चारही पंपांचे दोष त्यानं मीटरवर बिनचूक दाखवले. लेखी पेपरात काठावर निभावलं.

सित्र्याला परतल्यावर फोरमनचं पत्र हातात पडलं तेव्हा कुठं त्यानं गावी फोन लावला.

“नसीमा, पासपोर्टसाठी फोटो काढून घे. तुझा नि सदफचा. तुम्हाला इकडं आणायचं ठरलंय.”

 पलीकडून तिनं हळूच विचारलं, “किती दिसांसाठी?”

लीव्हवर घरी पोचल्याबरोबर ती दर वेळी हेच विचारायची आणि तो आकडा सांगायचा. आज त्याला आकडाच सापडेना. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून तो नुसता रडत राहिला.